ओढीचा हिशेब

विंच बंपर हा नावापुरताच बंपर. चासीची पुढची दोन टोके जाड पोलादी पट्ट्यांनी पुढे वाढवायची, त्या पट्ट्यांच्या मध्ये विंचची बैठक बसवायची, बैठकीवर विजेवर चालणारा विंच बोल्टांनी जखडायचा आणि हे सगळे वाकवलेल्या पत्र्याने झाकायचे, एवढीच त्याची रचना. चिखलात, वाळूत किंवा बर्फात गाडी रुतली की विंचचा दोर समोरच्या झाडाला, खडकाला नाहीतर दुसऱ्या गाडीला बांधतात. मोटर दोर गुंडाळू लागते आणि गाडी स्वतःलाच ओढून बाहेर काढते. त्या घटकेला ओढ दोरातून ड्रममध्ये, ड्रममधून बैठकीत, बैठकीतून बाजूच्या पट्ट्यांत आणि तिथून चासीत उतरते. या वाटेत एकही कच्चा सांधा नसेल तर बंपर दिसायला कसाही असो, काम करतो. दिल्ली आणि आसपासच्या शहरांत असा बंपर बनवून मिळणे मुळीच अवघड नाही. ओढ सोसणारा बनवून मिळणे अवघड आहे, कारण बहुतेक गिऱ्हाइके बंपर घेतात तो चेहऱ्यासाठी.

कारखान्यातून गाडीबरोबर येणारा बंपर नेमका उलट्या कामाचा असतो. त्याच्या प्लास्टिकच्या आवरणामागे पोलादी आडवी पट्टी असते आणि पट्टीमागे चासीच्या टोकांशी मुद्दाम चुरगळावेत असे डबे. धडक बसली की डब्यांच्या घड्या पडतात, धडकेची ऊर्जा त्यात जिरते आणि आतल्या माणसांपर्यंत कमी पोहोचते. हा बंपर मोडण्यासाठी बनवलेला असतो, विंच बंपर न मोडण्यासाठी. दोन्ही कामे एकाच चौकटीकडून करून घेणे हा या धंद्यातला सर्वांत कठीण भाग आहे आणि गल्लीतल्या कारखान्यांत त्याचा विचार क्वचितच होतो.

गाडीला विंच लावण्याची कल्पना सैन्यातून आली. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी डॉज ट्रकांच्या पुढच्या बंपरमागे इंजिनाच्या शाफ्टवर चालणारे विंच असत. युद्धानंतर स्वस्तात निघालेल्या जीपगाड्यांसाठी सुटे भाग बनवणारी आर्थर वॉर्न यांची कंपनी १९४८ मध्ये सिॲटलला उभी राहिली आणि तिने १९५९ मध्ये हौशी चालकांसाठी विजेवर चालणारा विंच बाजारात आणला. इंजिन बंद पडले तरी बॅटरीवर ओढता येते, हा त्याचा मोठा फायदा. भारतात जीपची जुळणी महिंद्राने मुंबईत सुरू केली. जबलपूरच्या कारखान्यातली ‘जोंगा’ १९६९ पासून सैन्यात आली. गुडगावच्या मारुतीच्या कारखान्यातून १९८५ च्या डिसेंबरात ‘जिप्सी’ बाहेर पडली आणि पुढची तीन दशके सैन्य, पोलीस आणि रॅलीवाले या तिघांचीही ती लाडकी गाडी राहिली. लष्कराने लिलावात काढलेल्या जीप, जोंगा आणि जिप्सी विकत घेऊन नव्याने बांधणाऱ्या उत्तरेतल्या मिस्त्र्यांच्या हाताखालीच दिल्लीतले बंपरचे काम वाढले. आज याच परिसरात मारुतीची ‘जिम्नी’ बनते. नाशिकची ‘थार’ आणि पुण्याच्या फोर्स मोटर्सची ‘गुरखा’ या तिच्या जोडीच्या गाड्या.

दिल्लीकराला विंच लागतो तो मात्र दिल्लीत नव्हे. गुडगाव-फरीदाबादच्या अरवलीत गाड्या घालण्याची हौस जुनी आहे. पण तिथली बरीच जमीन वनखात्याच्या किंवा १९०० च्या पंजाब भूसंधारण कायद्याच्या बंधनाखाली आहे आणि वाट्टेल तिथे गाडी घालणे गुन्हा ठरतो. खरा उपयोग लाहौल-स्पितीच्या बर्फात, लडाखच्या ओढ्यांत आणि जैसलमेरच्या वाळूत. रोहतांगखालचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला आणि पूर्वी हिवाळ्यात बंद असणाऱ्या खोऱ्यात दिल्ली-हरियाणाच्या गाड्यांची रीघ लागली. त्यातल्या फार थोड्यांना विंच लागतो. ज्यांना लागतो त्यांना मात्र मैलोगणती दुसरी गाडी मिळत नाही. स्पर्धांचे जग वेगळे. १९९७ मध्ये मलेशियात सुरू झालेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ची भारतीय आवृत्ती २०१४ पासून गोव्यात, ऐन पावसाळ्यात भरते. तिथे बऱ्याच गाड्यांना पुढे-मागे दोन्हीकडे विंच असतो आणि काही टप्पे विंचशिवाय पारच होत नाहीत.

सामान गोळा करायला दिल्लीसारखे शहर नाही. सुट्या भागांसाठी काश्मिरी गेट, सजावटीच्या सामानासाठी करोल बाग, पोलादासाठी नारायण्याची लोहामंडी, जुन्या गाड्यांच्या भंगारासाठी मायापुरी. पत्रा कापायला-वाकवायला मायापुरी, ओखला, फरीदाबाद, साहिबाबाद इथल्या औद्योगिक वस्त्यांत लेझरची आणि प्रेसची यंत्रे भाड्याने काम करून देतात. भंगारातला पत्रा निम्म्या किमतीत मिळतो, पण त्याची जात कळत नाही. मायापुरीच्या भंगारातून काय निघू शकते याचा धडा एप्रिल २०१० मध्ये मिळाला होता. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले वापरात नसलेले किरणोत्सर्गी उपकरण लिलावातून इथे आले, ते फोडताना कोबाल्ट-६० बाहेर पडले आणि एका कामगाराचा जीव गेला. बंपरच्या पत्र्याबाबत धोका एवढा भयानक नसतो. तरी कार्बन जास्त असलेला अनोळखी पत्रा वेल्डिंगच्या कडेला ठिसूळ होतो आणि पहिल्याच झटक्याला तडकतो. आयएस २०६२ या मानकाचा, ई-२५० प्रतीचा साधा एम.एस. पत्रा पावतीसकट घ्यावा, हे उत्तम. २५० हा आकडा म्हणजे पोलाद कायमचे वाकू लागण्याची मर्यादा, दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन. या कामाला ती पुरेशी आहे.

काम सुरू होते ते विंच निवडण्यापासून. गाडीच्या भरलेल्या एकूण वजनाच्या दीडपट ओढीचा विंच घ्यावा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. जिम्नीचे एकूण वजन १,५४५ किलो. दीडपट म्हणजे सुमारे २,३२० किलो, पौंडांत ५,१०० च्या आसपास. विंच पौंडांवरच विकले जातात, त्यामुळे हिशेबाने सहा हजारी विंच पुरतो. बाजारात मात्र जिम्नीलाही साडेनऊ हजारी लावून देतात. त्याची ओढ ४,३०० किलो. मोठा विंच कमी दमतो, हे खरे. पण गाडी खडकाच्या मागे अडकलेली असेल तर मोटर थांबेपर्यंत ही पूर्ण ओढ बंपरवर येते, मग गाडीचे वजन काहीही असो. म्हणून बंपरची ताकद गाडीच्या वजनावरून ठरत नाही, विंचच्या कमाल ओढीवरून ठरते. गाडी हलकी आणि विंच भारी अशा जोडीत सर्वांत आधी शरण जाते ती चासी.

चिखलाचा हिशेब वेगळा असतो. अमेरिकी सैन्याच्या गाड्या ओढण्याच्या नियमपुस्तिकेत एक ढोबळ माप आहे: चाकापर्यंत रुतलेली गाडी काढायला तिच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, त्याच्याही वर गेली तर तिप्पट. चढ असेल तर त्याची ओढ वेगळी मिळवायची. शिवाय विंचवर छापलेला आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. दोराचे थर चढत जातात तशी ड्रमची त्रिज्या वाढते आणि ओढ घटते. साडेनऊ हजारी विंच चौथ्या थरावर सहा हजारांच्या आसपास येतो. त्यामुळे अनुभवी माणूस जवळचे झाड सोडून लांबचे झाड धरतो किंवा कप्पी लावून दोर दुहेरी करतो. कप्पीने ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो. दोराचे टोक परत गाडीच्याच बंपरला अडकवायचे असते, आणि तिथे लावलेल्या कडीवर एका दोराची पूर्ण ओढ येते. विंचच्या बैठकीइतकीच मजबूत कडी हवी, हे अनेक बंपरवाल्यांच्या लक्षात येत नाही.

मापे घेण्यासाठी गाडी सपाट जागी घोडीवर चढवतात, जुना बंपर, आडवी पट्टी आणि चुरगळणारे डबे उतरवतात. उरतात चासीची दोन टोके आणि त्यांवरची कारखान्याने पाडलेली भोके. नवे सगळे या भोकांवर बांधायचे. चासीला वेल्डिंग करणे टाळतात, कारण उष्णतेने तिच्या पोलादाचे गुण बदलतात आणि कारखान्याने विचारपूर्वक ठेवलेला आकार बिघडतो. चासीचे पोकळ टोक बोल्ट आवळताना चेपू नये म्हणून आत जाड नळीचे तुकडे घालतात. यापुढचे हत्यार म्हणजे पुठ्ठा. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कापून, चिकटपट्टीने जोडून बंपरचा पूर्ण आकाराचा नमुना गाडीवरच उभा करतात. संगणकावर सगळे आखता येते, आणि आता तसे आखतातही. पण पुठ्ठ्यावर चुका दिसतात त्या पडद्यावर दिसत नाहीत. बॉनेट उघडताना कुठे अडते? चाक पूर्ण वळवल्यावर कोपरा घासतो का? विंचचा क्लच मोकळा करणारा दांडा हाताला येतो का? हा शेवटचा दोष फार आढळतो. सुंदर बंपर तयार होतो, विंच आत बसतो आणि क्लचचा दांडा पत्र्याच्या मागे असा दडतो की दोर मोकळा करायला पाना घेऊन गाडीखाली झोपावे लागते. नंबर प्लेटचेही तेच. दोर बाहेर येण्याची खिडकी नेमकी मधोमध असते आणि नंबर प्लेटही तिथेच लागते. उच्च सुरक्षा नंबर प्लेट झाकली गेली की दिल्लीच्या पहिल्याच चौकात दंडाची पावती मिळते.

बैठकीची प्लेट सहसा ६ मिलिमीटरची. आठ ते बारा हजार पौंडांच्या बहुतेक विंचची चार भोके २५४ बाय ११४.३ मिलिमीटर, म्हणजे १० बाय साडेचार इंचांवर असतात, त्यामुळे विंच बदलला तरी बैठक तीच चालते. बाजूच्या पट्ट्या ८ ते १० मिलिमीटरच्या. विंचचे चार बोल्ट लहान दिसतात. १० मिलिमीटर जाडीचा, ८.८ प्रतीचा एक बोल्ट सुमारे ३.४ टनांपर्यंतचा ताण कायमचा लांब न होता सोसतो. चार बोल्ट पुरतात, अट एकच: ते खरोखर ८.८ चे हवेत. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा आकडा आणि बनवणाऱ्याचे चिन्ह उठावदार असते. टीव्हीएस किंवा अनब्राकोच्या बोल्टवर ते स्पष्ट वाचता येते. गल्लीतल्या पेटीतून मूठभर उचललेल्या, गुळगुळीत डोक्याच्या बोल्टांचे काय सांगावे!

सरळ ओढीला ही चौकट सहज टिकते. तिची खरी परीक्षा तिरक्या ओढीला होते, आणि प्रत्यक्षात झाड कधीच गाडीच्या नाकासमोर नसते. दोर ३० अंश बाजूला असेल तर ४,३०० किलोंच्या ओढीतले २,१५० किलो आडवे पडतात. दोर बाहेर पडतो ती जागा चासीच्या टोकापासून २५ सेंटिमीटर पुढे असली, तर ही आडवी ओढ चौकटीला तिथून पिळू लागते. एका बाजूची पट्टी ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि दोन्ही मिळून आडव्या वाकतात. ज्या बंपरात बाजूच्या पट्ट्या नुसत्या उभ्या असतात आणि त्यांना आतून तिरके टेकू नसतात, ते बंपर इथेच मान टाकतात. विंच जितका मागे, रेडिएटरकडे सरकवता येईल तितके हे पिळणे कमी होते. म्हणून चांगला कारागीर विंच रेडिएटरच्या जाळीपासून जेमतेम बोटभर अंतरावर आणतो. वाईट कारागीर तो पुढे ढकलतो, कारण पुढे काम करायला हात जातो.

वेल्डिंगबाबत एवढेच सांगून भागत नाही की ते पक्के हवे. दिल्लीतल्या वर्कशॉपांत ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात ते तारेचे वेल्डिंग. वेगवान, स्वच्छ आणि फसवे. ८ मिलिमीटरच्या पट्टीवर पातळ पत्र्याच्या सेटिंगने तार चालवली तर वर सुबक टाका दिसतो, पण खालचे पोलाद वितळलेलेच नसते. टाका पट्टीवर नुसता चिकटून बसतो. याची परीक्षा सोपी आहे: त्याच जाडीच्या दोन तुकड्यांवर आधी टाका घालायचा, तो करवतीने आडवा कापायचा, कानशीने घासून चकचकीत करायचा आणि बॅटरीचे आम्ल फिरवायचे. वितळलेला भाग गडद दिसू लागतो आणि तो पट्टीत किती खोल गेला आहे हे उघड होते. पाच मिनिटांचे काम; फारसे कोणी करत नाही. टाका धड बसला तर त्याची ताकद थक्क करणारी असते. ६ मिलिमीटर पायाचा, १०० मिलिमीटर लांबीचा एक कोनी टाका हिशेबाने सहा टनांपर्यंतचा भार सुरक्षितपणे सोसतो. म्हणजे प्रश्न टाक्याच्या लांबीचा नसून खोलीचा आहे.

दुसरा दोष सौंदर्यापायी येतो. पत्र्याचे दोन कोन जिथे मिळतात तिथला टाका ग्राइंडरने घासून सपाट करतात, वर लांबी भरतात आणि रंग मारतात. कोन असा दिसतो जणू एकाच पत्र्यातून वाकवला आहे. पण घासताना नेमका तोच जाड भाग निघून जातो ज्याने टाक्याला ताकद दिली होती. आवरणाच्या पत्र्याला हे चालते, बैठक आणि बाजूच्या पट्ट्यांना मुळीच चालत नाही. करोल बागेत बंपर विकत घेताना त्याची मागची बाजू पाहावी. मागे ओबडधोबड, न घासलेले टाके दिसले तर ते चांगले लक्षण. मागेही सगळे गुळगुळीत असेल तर लांबीखाली काय आहे, ते बनवणाराच जाणे.

जोडणी गाडीवरच करतात. आधी ठिकठिकाणी टिपके टाकून चौकट उभी करायची, दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत याची खात्री करायची आणि मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे थोडे थोडे टाके घालत जायचे. एका बाजूचे सगळे टाके एका दमात घातले की तापून आकसणाऱ्या पोलादाने चौकट वळते, आणि मग चासीच्या भोकांत बोल्ट जात नाहीत. अशा वेळी मिस्त्री भोके मोठी करतो. भोके मोठी झाली की बोल्ट सैल बसतात, ओढीला चौकट सरकते आणि दर फेरीनंतर बोल्ट ढिले होतात. मोठी केलेली भोके म्हणजे बिघडलेल्या जोडणीची कबुलीच. वेल्डिंग चालू असताना बॅटरीची तार सोडवून ठेवणेही गरजेचे. नव्या गाड्यांच्या संगणकाला वेल्डिंगचा प्रवाह महागात पडतो.

वजन हा बंपरचा छुपा खर्च. एक चौरस मीटर पत्रा दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरतो. दीड मीटर लांब, ३५ सेंटिमीटर उंच दर्शनी पत्रा ३ मिलिमीटरचा घेतला तर सव्वाबारा किलो आणि ५ चा घेतला तर साडेवीस किलो. ओढीच्या वाटेत हा पत्रा येतच नाही, त्यामुळे वाढलेले आठ किलो निव्वळ दिमाखाचे. सगळे धरून साधा बंपर ३५ किलोंच्या आसपास ठेवता येतो, त्यात विंचचे आणखी तेवढेच. हे सत्तर किलो पुढच्या आसाच्याही साठेक सेंटिमीटर पुढे लटकतात. पाच दारांच्या जिम्नीत दोन्ही आसांमधले अंतर २,५९० मिलिमीटर आहे. त्या हिशेबाने पुढच्या आसावर सत्तर नव्हे तर ८६ किलो वाढतात आणि मागच्या आसावरून १६ किलो उतरतात. पुढच्या स्प्रिंगा बदलल्या नाहीत तर गाडीचे नाक खाली येते, ब्रेक मारताना डोलते आणि हेडलाइटचा झोत रस्त्यात घुसतो. बंपरचा खालचा कोन उंच कापून आडवाटेवर मिळवलेला फायदा दबलेल्या स्प्रिंगांत परत जातो.

दिल्लीच्या उन्हाळ्यात आणखी एक त्रास. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि विंच नेमका रेडिएटरच्या तोंडावर बसलेला असतो. थारसारख्या टर्बो गाड्यांत तिथेच इंटरकूलर असतो. दर्शनी पत्र्याला वाऱ्याच्या खिडक्या ठेवल्या नाहीत तर यमुना एक्सप्रेसवेवर एसी लावून जाताना तापमानाचा काटा चढतो. आडरानात हा दोष कळत नाही, कारण तिथे वेगच नसतो.

विंचची मोटर पूर्ण ओढीला ४०० अँपिअरच्या वर प्रवाह घेते, आणि गाडीचा अल्टरनेटर त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास देतो. बाकीचा भार बॅटरीवर. म्हणून ओढताना इंजिन चालू ठेवतात, थोडे ओढून थांबतात, मोटर आणि बॅटरी दोघांना दम घेऊ देतात. तारेची जाडी इथे निर्णायक असते. जाण्या-येण्याची मिळून तीन मीटर तांब्याची तार ३५ चौरस मिलिमीटरची असेल तर तिच्यात अर्ध्या व्होल्टच्या थोडे वर पडतात. १६ ची असेल तर सव्वा व्होल्टहून जास्त. बारा व्होल्टांतला सव्वा व्होल्ट म्हणजे मोटरच्या ताकदीचा दहावा हिस्सा तार तापवण्यात गेला. तार पत्र्याच्या धारदार कडेवरून नेली तर धडकेत तिचे आवरण कापून थेट शॉर्ट होते आणि या तारेला सहसा फ्यूज नसतो. बॅटरीजवळ प्रवाह तोडणारा मोठा खटका बसवणे हा सर्वांत स्वस्त विमा.

दोर दोन प्रकारचे. पोलादी तारदोर घासण्याला आणि उन्हाला दाद देत नाही, पण जड असतो आणि तुटला तर माणूस कापू शकतो. ओढताना त्याच्यावर जाड कापड किंवा गोणपाट टाकतात ते त्यासाठी. तुटलेला दोर हवेत न उडता जमिनीकडे पडावा. डायनीमाचा धाग्याचा दोर पाण्यावर तरंगतो, हलका असतो, तुटला तरी मार कमी देतो. मात्र राजस्थानची वाळू त्याच्या धाग्यांत शिरून आतून घासते, आणि ऊन त्याला कुजवते. आणखी एक शत्रू ड्रममध्येच असतो. बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या पोटात असतो आणि भाराखाली दोर सोडताना तो चांगलाच तापतो. धाग्याचा दोर तिथेच करपतो. तारदोर असेल तर बंपरच्या खिडकीला चार रोलरांची चौकट हवी. धाग्याच्या दोराला गुळगुळीत ॲल्युमिनियमची खिडकी. जुन्या तारदोराने ओरखडलेल्या रोलरांवर नवा धाग्याचा दोर चढवणे म्हणजे दोर फुकट घालवणे.

शेवटी रंग. सँडब्लास्ट करून, जस्ताचा प्रायमर देऊन मग पावडर कोटिंग करावे. पावडर सुमारे १८० ते २०० अंशांवर भाजते आणि कडक कातडे धरते. पण कडीच्या भोकाशी दोर अडकवायचा शॅकल घासून ते फुटते आणि तिथून गंज आत सरकतो. दिल्लीत याला वर्षे लागतात. कोकणात आणि गोव्यात एक पावसाळा पुरतो.

हे सगळे नीट करूनही एक प्रश्न उरतो, आणि तो कायद्याचा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून गाड्यांवरचे क्रॅश गार्ड आणि बुल बार हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग असल्याचे कळवले आणि कारवाई करायला सांगितले. कारणे दोन: असे पोलादी नाक पायी चालणाऱ्याला जास्त इजा करते, आणि एअरबॅगच्या संवेदकांना मिळणारा धडकेचा इशारा ते बिघडवू शकते. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपाच्या विरुद्ध जाणारा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विंच बंपरला यातून वेगळी सूट नाही. अपघातानंतर विमा कंपनीने हात वर केले तर तेही याच आधारावर. दुकानदार ‘एअरबॅगवाला बंपर’ म्हणून विकतात. तसा दावा धडकेच्या चाचणीशिवाय पोकळ असतो, आणि गल्लीतला कुठलाही कारखाना गाड्या भिंतीवर आदळून पाहत नाही.

कायद्याचा जोर दिल्ली आणि भोवतीच्या राजधानी क्षेत्रात, म्हणजे एनसीआरमध्ये, जास्त जाणवतो, कारण तपासणीही इथेच जास्त. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१५ मध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना दिल्लीच्या रस्त्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल ही मर्यादा उचलून धरली. त्यानंतर इथल्या जुन्या डिझेल जीप हरियाणा-पंजाबच्या दूरच्या जिल्ह्यांत आणि हिमाचलात गेल्या. ज्या गाड्यांवर हे काम निर्धास्तपणे करता येत होते त्याच शहरातून गेल्या, आणि सहा एअरबॅगांच्या नव्या गाड्या उरल्या, ज्यांच्या नाकाशी खेळणे खरोखर धोक्याचे आहे.

त्यामुळे जाणते कारागीर आता झाकलेल्या बैठकीकडे वळले आहेत. कंपनीचा प्लास्टिकचा बंपर तसाच ठेवायचा, आडव्या पट्टीच्या मागे किंवा खाली ६ मिलिमीटरची बैठक चासीच्या भोकांवर बसवायची, विंच आत दडवायचा आणि बाहेर फक्त दोराची खिडकी ठेवायची. चुरगळणारे डबे जागेवर राहतात, वजन निम्म्याने वाचते, नाक मऊ राहते. कायद्याचा धोका यानेही पूर्ण टळत नाही, पण माणसांना असलेला धोका बराच कमी होतो. ओढीच्या दृष्टीने अशी बैठक पूर्ण बंपरइतकीच समर्थ असते, कारण ओढीची वाट तीच. दिसत मात्र काही नाही, आणि म्हणूनच ती करोल बागेच्या दुकानात टांगलेली आढळत नाही. सांगून बनवून घ्यावी लागते. स्पर्धेच्या गाड्यांचा मामला निराळा. त्या ट्रेलरवरून मैदानात नेतात आणि तिथे पूर्ण पोलादी नाक योग्यच आहे.

तयार बंपर रस्त्यावर आणण्याआधी ओढून पाहावा. गाडीला मागून मोठ्या झाडाला किंवा ट्रकला बांधायचे, पुढून विंचचा दोर दुसरीकडे अडकवायचा आणि थांबत थांबत ओढ वाढवत न्यायची. आधी सरळ, मग दोन्ही बाजूंना तिरकी. जवळ कोणी उभे राहू नये. नंतर बाजूच्या पट्ट्यांच्या मुळाशी रंगाला बारीक रेघा पडल्या आहेत का ते पाहायचे. रंग पोलादाआधी तडकतो, म्हणून रेघ दिसली की तिथले पोलाद वाकले असे समजावे. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पट्टीवर येणारी एक रेघ रंगाने ओढून ठेवली तर बोल्ट फिरला की लगेच कळते. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर आणि पुढे प्रत्येक फेरीनंतर ही रेघ तपासतात. महिन्यातून एकदा विंच थोडा फिरवून घेतात, नाहीतर दिल्लीची धूळ मोटरचा प्रवाह जोडणाऱ्या सोलेनॉइडच्या तोंडांवर बसते आणि नेमक्या वेळी खटका दाबल्यावर नुसता टकटक आवाज येतो. ड्रमवर तारदोराचे किमान पाच आणि धाग्याच्या दोराचे किमान दहा वेढे कायम शिल्लक ठेवतात, कारण दोराचे टोक ड्रमला धरणारा स्क्रू ओढ सोसण्यासाठी नसतो; ओढ वेढ्यांच्या घर्षणावर तोलली जाते. वापरलेला दोर पूर्ण उलगडून, धुऊन, वाळवून परत घेताना त्याच्यावर पाव टनाचा ताण ठेवून वेढे एकमेकांना चिकटून बसवावे लागतात. सैल गुंडाळलेल्या ड्रमवर पुढच्या ओढीला वरचा दोर खालच्या थरात रुततो आणि मग तो सोडवायला विंच बंपरमधून उतरवावा लागतो.